नानांना ऐकू येईल असा आवाज

परवा सकाळी आमच्या वस्तीच्या रस्त्याने ऊस तोडणाऱ्यांची यंदाची पहिली टोळी आली. दोन ट्रॅक्टर, मागच्या ट्रॉल्यांत बांबू, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. दुपारपर्यंत पलीकडच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे ताडपत्रीच्या झोपड्या, उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी कोयते चालायला लागले. ऊस तुटायला लागला की देवळाली प्रवरेच्या या सगळ्या पट्ट्यात कच्चा, गोडसर वास भरून राहतो. लोकांना तो आवडतो. तीन हंगाम झाले, तो आला की माझी नजर उसाच्या कडेला जाते. कारण ऊस तुटला की त्यात राहणारं बाहेर पडतं.

आमच्याकडे बिबट्या कुणी म्हणत नाही, वाघच म्हणतात. उसात तो पावसाळ्यापासून असतोच. तिथे त्याला सावली असते, पाणी असतं, पिल्लं तिथेच होतात. तोपर्यंत त्याचं आणि आमचं कसंबसं निभतं. तोड सुरू झाली की एकेक फड उघडा पडतो आणि शेवटी उरलेल्या दोन-चार तुकड्यांत तो दाटीवाटीने येऊन बसतो. मग पुढचे काही आठवडे वस्तीवरच्या बायका गवताला एकट्या जात नाहीत.

मी गाण्यांसाठी आवाज बनवते. गाणी नाही, गाण्यांना लागणारे आवाज. लग्नाच्या व्हिडिओखाली वाजणारे, शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकाला लागणारे, कधी नगरच्या एखाद्या स्टुडिओने मागितलेले. लग्न होऊन या घरी आले तेव्हा लॅपटॉप आणि हेडफोन सोबत आणले होते. सासूबाईंना, म्हणजे आईंना, बरेच दिवस वाटायचं की सून कानाला लावून माहेरी बोलत बसते. सासरे, नाना, मात्र दारातून डोकावून पडद्यावरच्या रेघा बघायचे. त्यांना एकदा दाखवलं होतं की सुरुवात चारच लाटांपासून होते. साइन, अगदी गुळगुळीत, शिट्टीसारखी, तिच्यात एका सुराखेरीज काही नाही. ट्रँगल, तिच्याहून किंचित जाड, बासरीकडे झुकणारी. स्क्वेअर, पोकळ, नाकातून बोलल्यासारखी. आणि सॉ, करवतीच्या दात्यांसारखी दिसते आणि तशीच ऐकू येते. या चार कापायच्या, एकमेकींवर चढवायच्या, झाकायच्या, उघडायच्या. नाना म्हणाले होते, "म्हंजी भाकरीसारखंच हाय. पीठ तेच, हात येगळा."

तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात सुरुवातच वाईट झाली. पलीकडच्या वस्तीवर गोठ्यातली कालवड गेली. आठवड्याने गवत कापायला बसलेल्या एका बाईवर झडप पडली. ती वाचली, पण मानेला टाके पडले. मग सगळ्यांचे चेहरे बदलले. मोबाईलवर ग्रुप झाला, पण रानात असलेला माणूस मेसेज बघतो कधी? देवळाच्या लाउडस्पीकरवरून ओरडून बघितलं. वाऱ्यात शब्द विरघळायचे. कुणाला वाटायचं लाइटीचं सांगतायत, कुणाला वाटायचं हरिपाठाची वेळ बदलली.

एक दिवस माझे मिस्टर सचिन आणि सलीमभाई दोघं माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. सलीमभाईंचा देवळालीत मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा, त्यांच्या आजोबांपासूनचा. ते म्हणाले, "ताई, कर्णे मी देतो. तुमच्या टाकीवर बांधू, सगळ्या वस्तीत तुमचाच स्लॅब उंच हाय. आवाज तुमी बनवा. असा, की ऐकला की दुसरं काही वाटलंच न्हाई पायजे."

ऐकायला सोपं वाटलं. पण आमच्या रानात आधीच केवढे आवाज आहेत, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ट्रॅक्टरचे हॉर्न, कारखान्याचा भोंगा, अँब्युलन्स, लग्नाचा डीजे, मोटरच्या स्टार्टरची पिपाणी. सॉ लाट घेऊन वरखाली फिरवली तर अँब्युलन्स झाली. तीच जाड केली तर ट्रॅक्टर. दोन दिवस मी नुसते आवाज टाकून देत होते. शेवटी एक बारीक, तीक्ष्ण, तुटक आवाज जमला. माणसाच्या कानाला सगळ्यांत लवकर टोचतो त्या उंचीवरचा. हेडफोनमध्ये तो लागला की दात शिवशिवायचे. मला वाटलं, झालं काम.

सकाळी दहाला चाचणी ठेवली. सात घरांची माणसं आपापल्या बांधावर उभी राहिली. ऐकू आलं की हात वर करायचा, मी स्लॅबवरून बघणार. नाना सगळ्यांत लांब, विहिरीपाशी होते. त्यांच्या शेजारी वैजंताकाकू, शेजारच्या घरच्या. मी पहिल्यांदा वाजवलं. सगळीकडे हात वर झाले. नानांचाही झाला, थोडा मागाहून. दुसऱ्यांदा तेच. तो मागाहून येणारा हात मला खटकला. मी काकूंकडे बघत राहिले आणि तिसऱ्यांदा काहीच वाजवलं नाही.

काकूंनी पदर डोक्यावर घ्यायला हात उचलला. नानांनीही हात वर केला.

खालून सचिन ओरडून विचारत होता, झालं का, सगळ्यांना गेलं का. मी म्हटलं, गेलं. ते पहिलं खोटं.

नानांनी सत्तावीस वर्षं साखर कारखान्यात, उसाच्या मिलपाशी काढली. तिथे माणूस माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोलतो. आई त्यांना म्हणायच्या, तुम्ही मनातलंच ऐकता. साखर म्हटलं तर ते भाकर आणून द्यायचे आणि घरात हशा व्हायचा. त्या दिवशी मला ते सगळे हशे एकेक करून आठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाजाराला गेल्यावर मी त्यांना खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, हेडफोन चढवला. म्हटलं, "नाना, एक बघायचंय. आवाज आला की बोट वर करायचं. माझ्या तोंडाकडं बघायचं न्हाई, भिंतीकडं बघायचं."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांना कळलं होतं.

मी साध्यात साधी साइन लाट घेतली. त्यात लपायला जागा नसते, एकच सूर, आहे किंवा नाही. वरून सुरुवात केली. जिथे माझा आवाज होता, त्या उंचीवर बोट हललं नाही. खाली आणलं. आणखी खाली. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. गुडघ्यावर ठेवलेलं बोट वर येत नव्हतं. माझ्या बाजूच्या स्पीकरमधून तो सूर खोलीभर चालू होता आणि समोर बसलेल्या माणसासाठी खोली शांत होती. मी अर्ध्यावर आले, पाववर आले. मग बोट वर आलं.

"हितून हाय," ते म्हणाले. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "वरचं किती दिसांपासून न्हाई, म्हाईत न्हाई. पाखरं बंद झाली तवा मला वाटलं, पाखरंच कमी झाली."

मी म्हटलं, नगरला डॉक्टरला दाखवू.

"दाखवू. हंगाम होऊ दे. पर पोरी, सचिनला सांगू नको. तुझ्या सासूला तर न्हाईच. उद्यापासनं खुर्ची टाकून बसवतील मला दारात. मी रानात न्हाई गेलो तर मरंन."

मी हो म्हटलं. का म्हटलं, हे मी स्वतःला अजून नीट सांगू शकलेले नाही. दारात खुर्ची टाकून बसवलेली माणसं मी बघितली आहेत, एवढं खरं. पण त्यानंतर रोज सकाळी विळा घेऊन ते जनावरांच्या घासाच्या वावराकडे निघाले की त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी राहायची. पाठीमागून काही आलं तर या माणसाला ऐकू येणार नाही, आणि हे माहीत असलेली मी एकटीच. सचिन विचारायचा, एवढं काय बघतेस? मी म्हणायची, काही नाही.

मग मी आवाज पुन्हा बनवायला घेतला, या वेळी एका कानासाठी. नानांना ऐकू येणाऱ्या उंचीवर साइन लाट वाजवली तर ती बांधापर्यंतही गेली नाही. सलीमभाई हसले. "ताई, कर्ण्याचा गळा लहान असतो. खालचा सूर त्याला गिळता बी येत न्हाई, थुकता बी येत न्हाई. खाली लई जाऊ नका." म्हणजे खाली कर्णा मानत नव्हता आणि वर नाना. मधे एक बोळ उरला होता. त्या बोळात मी सॉ लावून बघितली, ती पुन्हा ट्रॅक्टरकडे जाऊ लागली. मग स्क्वेअर. तिचा मूळ सूर खालचा, पण तिच्या अंगात वरचे सूरही असतात, एकाआड एक. खालचा भाग नानांना, वरचा बाकीच्यांना. एकाच आवाजात दोघांचं भागलं. तीन तुटक ठोके दिले आणि मग रिकामी जागा ठेवली, तेवढ्यात माणसाला माणसाला हाक मारता यावी म्हणून.

दुसरी चाचणी मी नानांना न सांगता केली. ते विहिरीवर पाठमोरे होते, आसपास कुणी नव्हतं. पहिल्या ठोक्याला ते थांबले. वळले. स्लॅबकडे बघून त्यांनी हात वर केला आणि किती तरी वेळ खाली घेतला नाही.

आता बाकी सगळं सोपं आहे असं मला वाटलं. ग्रुपवर आवाज पाठवला, घरोघरी सांगितलं. हा वाजला की जिथे असाल तिथून जवळच्या घरात शिरायचं, दार लावायचं.

संक्रांत होऊन गेली होती. आभाळ आलेलं, साडेचार-पाचची वेळ. सचिन कारखान्यावर गेला होता. वैजंताकाकूंचा फोन आला. त्या कुजबुजत होत्या. "मनीषा, वाघीन हाय. संगं दोन पिल्लं. फडाच्या वरल्या अंगाला, आत्ताच बाहेर आली." मी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि जिन्याने वर पळाले.

डोक्यावर आमचेच कर्णे ठोकत होते. खाली दारं लागताना दिसली, एक, दोन, पाच. घासाच्या वावरात नाना उठून उभे राहिले, विळा हातात, आणि मी श्वास सोडला. त्यांना ऐकू गेलं होतं.

मग मी फडाच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. त्या वर्षीच्या तोडकऱ्यांच्या कोप्यांमधून माणसं बाहेर येत होती. बायका कडेवर लेकरं घेऊन बांधावर चढून बघत होत्या, कसला आवाज येतोय ते. दोघी हसत होत्या. एक बाई हंडा घेऊन पाण्याच्या पाइपाकडे निघालेली, ती तर कौतुकाने तिकडेच चालत होती, जिकडून वाघीण यायची होती.

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सात घरं मी दारोदार फिरले होते आणि आठव्या घराला दारच नव्हतं, नुसती ताडपत्री, म्हणून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ओरडले. माझ्याच आवाजाखाली माझी हाक गेली, रिकाम्या जागेतही ती तिथवर पोचली नाही. माइक सलीमभाई एका लग्नासाठी घेऊन गेले होते. मी जिना उतरायला लागले तेव्हा नाना घराकडे येत नव्हते. ते कोप्यांकडे पळत होते. सत्तरीचा माणूस, ढेकळांतून, हात हलवत.

अंगणाच्या फाटकापाशी मी पोचले तेवढ्यात वाघीण उघड्या रानात आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. वाटलं होतं त्याहून लहान आणि बुटकी. तिच्यामागे दोन पिल्लं, उसाच्या पाचटात धडपडत. ती पाइपापासून वीस-पंचवीस पावलांवर थांबली. हंडेवालीच्या हातून हंडा पडला. नाना तिच्यापाशी पोचले होते. त्यांनी तिला मागे घेतलं, विळा डोक्यावर धरला आणि दोघं पाय मागे मागे टाकत सरकायला लागले. पळत नव्हते. नाना काही तरी बोलत होते, वाघिणीशी की त्या बाईशी, कळत नव्हतं. मागे टोळीच्या मुकादमाने लोकांना ट्रॉलीवर चढवलं होतं. फक्त तीन ठोके, रिकामी जागा, तीन ठोके.

एक पिल्लू मागे राहिलं होतं. वाघिणीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, ते पोचेपर्यंत वाट बघितली आणि मग तिघंही पाटाच्या झाडीत उतरली.

एवढंच झालं. कुणाला ओरखडाही नाही. मी आत जाऊन आवाज बंद केला.

सचिन आला तोपर्यंत वस्तीभर झालं होतं. तो नानांवर चिडला, घाबरल्यामुळे चिडला. "आवाज ऐकून घरात यायचं की उलट तिकडं जायचं? आणि मागून आला असता तर? कळलं असतं का?"

नाना ओट्यावर बसून पायातले काटे काढत होते. म्हणाले, "नसतं कळलं. मला मागचं ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली. तुझ्या बायकोला म्हाईत हाय."

सचिनने माझ्याकडे बघितलं. आईंनीही. हातातली परात आईंनी हळूच खाली ठेवली. त्या नजरा मला अजून झेपत नाहीत. सचिन पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी म्हणाला, "मला का न्हाई सांगितलं, हे मी इचारनार न्हाई. त्यांना मला का सांगता आलं न्हाई, ते मला कळंना." मग तोच त्यांना नगरला घेऊन गेला. आता नानांच्या कानात यंत्र असतं. रानात ते जातात, पण एकटे नाही, आणि त्यावर कुरकुर करतात.

वाघीण येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कोप्यांवर गेले होते. मोबाईलमधून आवाज ऐकवायला, अर्थ सांगायला. लाज वाटत होती. हंडेवाली बाई भेटली. मंगल, पाथर्डीकडची, तिसगावच्या पुढच्या कुठल्या वाडीची. मी माफी मागायला लागले तर तिने हाताने थांबवलं.

"ताई, आवाज चांगला हाय. पर आमाला वाटलं तुमच्याकडं लगीन हाय. कोन सांगनार आमाला?"

बायकांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. लेकरं तोंडाने काढायला लागली. मग मंगल म्हणाली, "दुसरा कुठंय?"

मी म्हटलं, दुसरा कसला?

"वाघ गेल्याचा. काल अंधार पडंस्तोवर आमी ट्रॉलीवर बसून हुतो. लेकरं भुकेजली. चुलीपाशी कवा उतरायचं, हे कशावरून कळनार?"

मला हे सुचलं नव्हतं. आमच्या सात घरांतल्या लोकांनाही ते सुचलं नव्हतं, आम्हाला खिडक्या होत्या.

दुसरा आवाज बनवायला मला एक दुपार पुरली. ट्रँगल लाट, नानांच्या बोळातलाच सूर, दोन लांब स्वर, खालून वर जाणारे, कडा गोल केलेल्या. कठीण ते नव्हतंच. पहिला आवाज चुकून वाजला तर लोक चिडतात, शिव्या देतात, पुन्हा कामाला लागतात. दुसरा चुकला तर माणसं वाघासमोर बाहेर येतील, आणि ते कसं असतं हे मी त्या उघड्या रानात बघितलं होतं.

तो वाजवायची वेळ सहा दिवसांनी आली. वाघीण पुन्हा दिसली, दारं लागली, ताडपत्रीखालची माणसं आमच्या गोठ्यात आणि ओट्यावर येऊन बसली. वनखात्याला आम्ही कळवलं होतंच, तासाभराने त्यांच्या वनरक्षकाचा फोन आला. पावलं पाटाच्या पलीकडे गेली आहेत म्हणाला.

मी विचारलं, नक्की का?

"नक्की कोण सांगणार ताई. पावलं तर गेलीत."

सचिन म्हणाला, लाव. आई म्हणाल्या, थोडं थांब. गोठ्यात एक तान्हं रडत होतं. मंगल माझ्याकडे बघत होती. बाहेर अजून थोडा उजेड होता, त्यात तुटलेल्या फडाची खोडकं दिसत होती आणि पाटाकडची झाडी. मी किती तरी वेळ झाडीकडे बघितलं. काही हललं नाही. वाघीण तिथे असती तरी काही हललं नसतं.

मग मी लॅपटॉपचं बटण दाबलं नाही. मोबाईल ब्लूटूथने अँप्लिफायरला जोडला. कडी काढली, दार उघडलं, अंगण ओलांडून फाटकाबाहेर रस्त्यावर गेले आणि झाडीकडे तोंड करून उभी राहिले. दुसरा आवाज तिथून लावला.

तेव्हापासून तो मी कधी घरात बसून लावलेला नाही.